कळ दाबली की पात्र चालते कसे? – संगणक वर्गातील एक पाठ



आपल्या अभ्यासिकेत रविवारी सकाळी बुद्धवंदना झाल्यावर संगणकाचा वर्ग भरतो, हे सभासदांस ठाऊक आहेच. अभ्यासिकेतले इंटरनेट अधूनमधून जाते. ते गेले की क्रोम ब्राउझरच्या पडद्यावर एक करडा डायनासोर उभा राहतो. स्पेसबार दाबला की तो पळू लागतो आणि निवडुंगांवरून उड्या मारतो. गूगलने हा खेळ २०१४ साली ब्राउझरमध्ये घातला. आमच्या मुलांना तो इतका आवडला की इंटरनेट परत आले तरी कोणी सांगेना. शेवटी आम्हीच म्हटले, दुसऱ्याने केलेला खेळ किती दिवस खेळणार? आपला एक करू या.

यावर एका ज्येष्ठ सभासदांनी आम्हांस विचारले, "अभ्यासिका स्पर्धा परीक्षांसाठी काढली, तिथे खेळ कशाला?" प्रश्न रास्त होता. आमचे उत्तर असे की, संगणकास सूचना देण्याची विद्या शिकताना चूक झाली तर ती तत्काळ डोळ्यांना दिसली पाहिजे. व्याजाचा हिशेब करणारा प्रोग्राम चुकला तर तो चुकला हे कळण्यासाठी खरा आकडा आधी ठाऊक असावा लागतो. खेळातले पात्र भिंतीतून आरपार गेले तर ते पाच वर्षांच्या मुलालाही कळते. शिवाय हा अभ्यास फुकट होतो. एक साधा संगणक, त्यावरचा ब्राउझर आणि नोटपॅड एवढे असले की पुरे. ज्या भाषेत हे लिहायचे ती जावास्क्रिप्ट, १९९५ साली नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी तयार केली, आणि आज ती प्रत्येक ब्राउझरमध्ये आधीच बसवलेली असते.

खेळ असा ठरला. पडद्यावर ग्रंथालयाचे एक दालन. जमिनीवर पुस्तके विखुरलेली. एक मुलगी बाणाच्या कळांनी चारी दिशांना चालते आणि स्पेसबार दाबला की जवळचे पुस्तक उचलते. चित्रे काढणारे वर्गात कोणी नव्हते, म्हणून मुलगी म्हणजे एक निळा चौकोन आणि पुस्तके म्हणजे पांढरे चौकोन. निळा रंग का, हे या स्मरणिकेच्या वाचकांस सांगावयास नको.

एक सूचना आधीच देतो. या लेखात जावास्क्रिप्टमधील शब्दांचे उच्चार देवनागरीत दिले आहेत. प्रत्यक्ष टंकताना ते रोमन लिपीत आणि लहान-मोठ्या अक्षरांचा भेद सांभाळून लिहावे लागतात. एक अक्षर चुकले तर प्रोग्राम गप्प बसतो, तक्रारही करीत नाही. मूळ शब्द अभ्यासिकेच्या फळ्याशेजारी लावलेल्या तक्त्यावर आहेत, ते उतरवून घ्यावेत.

आता पाठाकडे वळू.

कीबोर्डावरची कळ दाबली की ब्राउझर आपल्या पानाला एक वर्दी देतो. तिचे नाव 'कीडाउन'. कळ सोडली की दुसरी वर्दी येते, ती 'कीअप'. आपण 'ॲड-इव्हेंट-लिसनर' ही आज्ञा देऊन ब्राउझरला सांगून ठेवायचे असते की, अमुक वर्दी आली की आमचे अमुक काम कर. हे समजल्यावर मुलांनी जे लिहिले ते कोणीही पहिल्यांदा लिहील तेच होते: उजव्या बाणाची कीडाउन आली की मुलीला १० पिक्सेल उजवीकडे सरकव, डाव्या बाणाची आली की १० पिक्सेल डावीकडे. पिक्सेल म्हणजे पडद्यावरचा ठिपका. वर जाण्यासाठी मात्र वजा करावे लागते, कारण पडद्यावर मोजणी वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खाली होते. शाळेतल्या आलेखाच्या नेमकी उलट. इथे दोघांची मुलगी उलटी चालली आणि वर्गात हशा झाला.

ते सुधारल्यावर मुलगी चालू लागली खरी, पण विचित्र चालू लागली. बाण दाबून धरला की ती एक पाऊल टाकून थबके आणि मग एकदम धक्के खात पळत सुटे. उजवा बाण धरून ठेवून वरचा दाबला की उजवीकडे जाणे थांबून ती नुसती वर जाई. वरचा सोडला तरी उजवीकडे जाणे पुन्हा सुरू होत नसे, बोट उजव्या बाणावर दाबलेले असूनही.

मुलांचा निर्णय तयारच होता. "सर, आपला कॉम्प्युटरच जुना आहे." तो एका कचेरीने नवे घेतल्यावर आपल्याला दान दिलेला, हे सर्वांस ठाऊक. एक जण म्हणाला, पैसे भरायच्या क्लासमधले नवीन असतात, तिथे हे नीट चालले असते. खरे सांगायचे तर आम्हांसही क्षणभर तसेच वाटले. आपल्याकडे येते ते वापरलेले आणि कमी प्रतीचेच, ही समजूत आपल्या मनात इतकी मुरलेली असते की काही बिघडले की बोट आधी तिकडेच जाते. पुढच्या रविवारी एका सभासदाचा मुलगा आपला नवाकोरा लॅपटॉप घेऊन आला. त्यावरही मुलगी तशीच थबकली, तशीच धावली. म्हणजे दोष जुनेपणाचा नव्हता.

भगवान बुद्धांनी कालामांना जे सांगितले ते अंगुत्तर निकायात आहे आणि आपण ते प्रवचनांतून अनेकदा ऐकतो: ऐकीव आहे, परंपरेने आले आहे म्हणून मानू नका, स्वतः पारखून पाहा. पारखण्याची सोय नोटपॅडमध्येच होती. नोटपॅड उघडा, कोणतेही एक अक्षर दाबून धरा आणि पडद्याकडे पाहा. एक अक्षर उमटते. मग काहीच होत नाही. आणि त्यानंतर तेच अक्षर भराभर उमटत जाते. आता ते सोडू नका, दुसरे अक्षर दाबा. पहिले बंद पडते, दुसरे सुरू होते. दुसरे सोडा, पहिले परत येत नाही. आमच्या मुलीची चाल हुबेहूब अशीच होती.

याचे कारण असे की, कळ दाबून धरली असता एकच कीडाउन येत नाही, पुन्हा पुन्हा येत राहते. ही सोय टंकलेखनासाठी आहे. ओळभर रेघ मारायची तर एकच कळ धरून ठेवता यावी म्हणून. पण बोट किंचित रेंगाळले म्हणून 'कमल'चे 'कममल' होऊ नये, यासाठी पहिल्या आणि दुसऱ्या वर्दीच्या मध्ये मुद्दाम विराम ठेवलेला असतो. विंडोजमध्ये तो विराम सुमारे पाव सेकंदापासून एक सेकंदापर्यंत ठरवता येतो, आणि त्यापुढच्या पुनरावृत्तीचा वेग सेकंदाला सुमारे अडीच वेळांपासून तीस वेळांपर्यंत. शिवाय पुनरावृत्ती होते ती केवळ शेवटी दाबलेल्या कळेची. म्हणजे आम्ही मुलीचे चालणे टंकलेखनाच्या सोयीवर टाकले होते. संगणक त्याला सांगितलेले काम चोख करीत होता, चुकीचे काम आम्हीच सांगितले होते.

हे कळल्यावर उपाय फार दूर नसतो. कीडाउन आली की 'मुलीला हलव' असे सांगायचेच नाही. फक्त नोंद करायची. बँकेत किंवा कचेरीत हजेरीचे मस्टर असते, ते डोळ्यांसमोर आणावे. माणूस आला की सही करतो. त्याने सही केली म्हणून त्याच क्षणी काम होत नाही. कोण हजर आहे एवढेच कळते. काम वाटून देणारा साहेब दिवसभरात जेव्हा जेव्हा मस्टर पाहील तेव्हा त्याला हजर माणसे दिसतात. तसेच इथे करायचे. कळ दाबली, मस्टरवर नाव चढवा. कळ सोडली, नाव खोडा. मुलीला हलवणारा भाग वेगळा ठेवा. तो वर्द्यांकडे पाहत नाही, मस्टराकडे पाहतो.

जावास्क्रिप्टमध्ये मस्टरासाठी 'सेट' नावाची सोय आयती आहे. 'ॲड' म्हटले की नाव चढते, 'डिलीट' म्हटले की खोडले जाते, 'हॅज' म्हणून विचारले की आहे वा नाही ते कळते, आणि 'क्लिअर' म्हटले की सगळे पुसले जाते. सेटचा मोठा गुण असा की, एकच नाव दहा वेळा चढवले तरी ते एकदाच राहते. त्यामुळे पुनरावृत्तीच्या वर्द्या कितीही येवोत, त्यांनी काही बिघडत नाही. दोन कळा एकत्र धरल्या तर दोन नावे मस्टरवर असतात, एक सोडली तर दुसरे जागेवर राहते. आमच्या दोन्ही तक्रारी एका फटक्यात गेल्या.

आता मस्टर पाहणारा साहेब. ब्राउझर पडदा पुन्हा पुन्हा रंगवत असतो, सर्वसाधारण पडद्यावर सेकंदाला ६० वेळा. 'रिक्वेस्ट-ॲनिमेशन-फ्रेम' ही आज्ञा दिली की पुढचे चित्र रंगवण्याच्या जरा आधी ब्राउझर आपले काम करतो. ही मागणी एका वेळेपुरतीच असते, म्हणून काम संपताना ती पुन्हा नोंदवावी लागते. त्यातूनच चक्र तयार होते. प्रत्येक फेरीत तीन कामे: मस्टर पाहा, मुलीची जागा बदला, चित्र नव्याने काढा.

इथे मुलांनी दुसरी चूक केली आणि ती पहिलीपेक्षा लबाड होती, कारण आमच्या संगणकावर ती दिसतच नव्हती. त्यांनी लिहिले: उजवा बाण मस्टरवर असेल तर प्रत्येक फेरीला ४ पिक्सेल सरकव. सेकंदाला ६० फेऱ्या म्हणजे २४० पिक्सेल. ठीक. पण तो नवा लॅपटॉप खेळांसाठीचा होता, त्याचा पडदा सेकंदाला १४४ वेळा रंगतो. तिथे हीच मुलगी सेकंदाला ५७६ पिक्सेल धावली आणि दालनाच्या भिंतीवर आपटली. उलट, दान आलेल्या संगणकावर दुसरे काही काम चालू असले आणि फेऱ्या ३० वर आल्या, तर ती १२० वर येई. तेव्हा पावलाची लांबी फेरीवर न ठेवता घड्याळावर ठेवावी. ब्राउझर प्रत्येक फेरीला वेळ हातात देतो, सेकंदाच्या हजाराव्या भागांत. मागच्या फेरीची वेळ त्यातून वजा करा, किती वेळ लोटला ते कळते. वेग ठरवा, समजा सेकंदाला २०० पिक्सेल, आणि लोटलेल्या वेळेने गुणा. एस.टी.चा ड्रायव्हर थांबे मोजून अंतर सांगत नाही, त्यातलाच हा प्रकार.

एक बारीक गोष्ट. विद्यार्थी दुसऱ्या टॅबवर गेला की ही चक्रे थांबतात. पाच मिनिटांनी तो परत आला तर लोटलेला वेळ पाच मिनिटांचा निघतो, आणि त्या घटकेला एखादी कळ मस्टरवर असेल तर मुलगी एका पावलात ६०,००० पिक्सेल जाते. म्हणून लोटलेला वेळ कितीही निघो, तो ५० सहस्रांश सेकंदांहून अधिक धरायचा नाही, अशी मर्यादा घालावी.

दिशा काढण्याची पद्धतही पाहू. 'जर उजवा तर असे, नाहीतर डावा तर तसे' अशी जर-तरची माळ लावू नये. उजवा मस्टरवर असेल तर १, नसेल तर ०. त्यातून डाव्याचे १ किंवा ० वजा करा. उत्तर १ आले तर उजवीकडे, वजा १ आले तर डावीकडे, ० आले तर जागीच. दोन्ही एकदम दाबले तर एकमेकांना छेद जाऊन मुलगी उभी राहते, आणि तेच योग्य. खाली-वरसाठी असेच.

आता गणिताचा भाग. आम्ही कला शाखेचे. दहावीनंतर पायथागोरसची आणि आमची गाठ पडली नव्हती. ती पडली ती इथे. उजवा आणि वरचा बाण एकत्र धरला तर मुलगी तिरकी जाते, पण डोळे बारीक करून पाहिले तर ती सरळ चालीपेक्षा जलद जाते. सेकंदात २०० उजवीकडे आणि २०० वर, म्हणजे काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू झाल्या. प्रत्यक्ष गेलेले अंतर हा कर्ण, सुमारे २८३ पिक्सेल. सरळ चालण्यापेक्षा ४१ टक्के जास्त. नववीतल्या एका मुलीने हे फळ्यावर मांडून दाखवले तेव्हा तिलाच नवल वाटले, की हे प्रमेय परीक्षेबाहेरही कुठे वापरतात. उपाय: दोन्ही दिशांना चाल असेल तेव्हा दोन्ही पावले ०.७०७ ने गुणावीत. कर्ण पुन्हा २०० चा होतो.

यानंतर एक भूत निघाले. मुलगी कोणी न दाबता आपोआप चालत सुटे आणि थांबायचे नाव घेत नसे. मुलांनी खरोखरच 'भूत' हाच शब्द वापरला, म्हणून येथे तो लिहिला. कारण शोधल्यावर सापडले. उजवा बाण धरलेला असताना ऑल्ट आणि टॅब दाबून दुसऱ्या खिडकीत गेले आणि तिथे बाण सोडला, तर सुटल्याची वर्दी त्या दुसऱ्या खिडकीला मिळते. आपल्या मस्टरवर नाव तसेच राहते. माणूस घरी गेला, हजेरी लागलेलीच. म्हणून खिडकीवरून लक्ष हटल्याची जी 'ब्लर' वर्दी येते ती ऐकावी आणि मस्टर पूर्ण पुसावे. पुस्तके संपल्यावर 'अलर्ट'ची चौकट दाखवून अभिनंदन करण्याची मुलांना हौस असते. ती चौकट उघडी असताना सोडलेली कळही अशीच हरवते. चौकट दाखवण्यापूर्वी मस्टर पुसले की भूत जाते.

बाणाच्या कळांनी आणि स्पेसबारने लांब पान वर-खालीही सरकते, म्हणजे मुलगी चालते आणि तिच्याबरोबर दालनही हलते. ते थांबवण्यासाठी वर्दी आल्यावर 'प्रिव्हेंट-डीफॉल्ट' म्हणावे. पण ते केवळ खेळाच्या कळांना. एकाने ते सरसकट सर्व कळांना लावले आणि मग त्याला एफ-५ दाबून पान ताजे करता येईना. खेळाडूचे नाव लिहिण्याची चौकट पानावर असेल तर ती चौकट चालू असताना खेळाच्या वर्द्या सोडून द्याव्यात, नाहीतर नावात मोकळी जागाही पडत नाही.

आता ज्या प्रसंगासाठी हा लेख मुख्यतः लिहिला तो सांगतो. आमच्या वर्गातील एका विद्यार्थ्याचा उजवा हात लहानपणापासून कमजोर आहे. बाणाच्या कळा कीबोर्डाच्या उजव्या टोकाला. डावा हात तिकडे नेला की स्पेसबार त्याच हाताने दाबता येत नाही. तो खेळ बघत बसे. त्याने तक्रार केली नाही, विचारले तर म्हणाला, "मला बघायला आवडतं." त्याच्या शेजारच्या मुलाने सुचवले की डावीकडच्या डब्ल्यू, ए, एस, डी या चार अक्षरांनीही मुलगी चालावी. चार बोटे तिथे राहतात आणि अंगठा स्पेसबारवर. जगभरच्या खेळांत ही चौकडी रूढ आहे. आम्ही ती घातली आणि त्या दिवशी त्यानेच सर्वांत जास्त पुस्तके उचलली.

पुढच्या रविवारी तो आला, खेळायला बसला, आणि मुलगी हलेना. बाण चालत होते, ही चार अक्षरे मात्र मुकी. त्याने दोन-तीन वेळा दाबून पाहिले आणि काही न बोलता उठला. आपलेच काही चुकले असावे असे त्याला वाटले. आपल्या मुलांना असे फार लवकर वाटते, याचे आम्हांस वाईट वाटते.

चूक त्याची नव्हती, आमचीच होती. वर्गापूर्वी एक विद्यार्थिनी त्याच संगणकावर मराठी टंकलेखनाचा सराव करून गेली होती आणि कीबोर्डाची भाषा मराठी इनस्क्रिप्टवर राहून गेली होती. कीडाउनच्या वर्दीसोबत कळेची दोन नावे येतात. एक 'की', म्हणजे त्या कळेने कोणते अक्षर उमटेल ते. दुसरे 'कोड', म्हणजे ती कळ कीबोर्डावर कोणत्या जागी आहे ते. आम्ही 'की' वापरली होती. इनस्क्रिप्टमध्ये डब्ल्यूच्या जागी 'ऐ'ची मात्रा उमटते, ए-च्या जागी 'ओ'ची, एस-च्या जागी 'ए'ची, आणि डी-च्या जागी हलन्त. म्हणजे मस्टरवर मात्रा चढत होत्या आणि आमचा प्रोग्राम रोमन अक्षरांची वाट पाहत बसला होता. इंग्रजीतसुद्धा कॅप्सलॉक चालू असेल तर 'की' मोठे अक्षर देते आणि लहान अक्षर शोधणारा प्रोग्राम तसाच फसतो. 'कोड' मात्र 'की-डब्ल्यू' असेच सांगतो, मराठी असो, इंग्रजी असो, कॅप्सलॉक असो वा नसो. चालण्यासाठी आपल्याला अक्षर नको असते, जागा हवी असते. म्हणून मस्टरवर नेहमी 'कोड' चढवावा. बाणांचे कोड 'ॲरो-लेफ्ट', 'ॲरो-राइट', 'ॲरो-अप', 'ॲरो-डाउन' असे, आणि स्पेसबारचा 'स्पेस'.

जुन्या पुस्तकांतून शिकणाऱ्यांनी इथे जपावे. त्यांत 'की-कोड' नावाचा तिसरा प्रकार आढळतो, ज्यात डाव्या बाणाला ३७, वरच्याला ३८, उजव्याला ३९ आणि खालच्याला ४० असे आकडे असतात. ब्राउझर तो अजून चालवून घेतात, पण तो कालबाह्य ठरवला गेला आहे. नव्याने लिहिणाऱ्याने वापरू नये.

त्याच दिवशी मुलांनी आणखी एक सुधारणा केली. कळांची नावे प्रोग्राममध्ये जागोजाग लिहिण्याऐवजी वरच एक छोटा तक्ता केला: 'उजवीकडे' म्हणजे या दोन कळा, 'उचल' म्हणजे ही कळ. बाकीचा प्रोग्राम कळा ओळखत नाही, केवळ 'उजवीकडे' आणि 'उचल' ओळखतो. कोणाला वेगळ्या कळा सोयीच्या असतील तर तक्ता बदलला की झाले.

पुस्तक उचलण्याचे काम चालण्यापेक्षा निराळे आहे, हे ध्यानात घ्यावे. चालणे कळ धरेपर्यंत चालते. उचलणे एका दाबाला एकदाच व्हायला हवे. ते मस्टरावर सोपवले तर स्पेसबार धरून ठेवणारा दालनभर फिरून सगळी पुस्तके गोळा करतो. आणि दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात झटकन दाबून सोडलेली कळ मस्टर पाहण्याच्या वेळी हजर नसल्याने हुकते. संथ संगणकावर हे अधिक जाणवते. म्हणून उचलण्यासाठी चिठ्ठी ठेवावी. स्पेसबारची कीडाउन आली आणि तिच्यातील 'रिपीट' हे उत्तर नकारार्थी असेल, म्हणजे ती पुनरावृत्ती नसेल, तरच चिठ्ठी ठेवायची. फेरीत चिठ्ठी दिसली की पुस्तक उचलायचे आणि चिठ्ठी फाडायची.

कधी कधी डावा बाण, वरचा बाण आणि स्पेसबार एकत्र दाबले की तिसरी कळ लागतच नाही. यात आपला प्रोग्राम निर्दोष असतो. स्वस्त कीबोर्डात कळा आडव्या-उभ्या तारांच्या जाळीवर बसवलेल्या असतात आणि काही तीन कळा एकदम दाबल्या तर त्यांना त्या वेगळ्या ओळखता येत नाहीत. इथे मात्र साधनालाच दोष आहे. तक्त्यात दुसरी कळ लावावी.

राहिला मोबाइल. आपल्या बहुसंख्य विद्यार्थ्यांच्या घरी संगणक नाही, फोन आहे, आणि फोनला बाणाच्या कळा नाहीत. हा खेळ घरी आईला दाखवता येत नाही म्हणून दोघी-तिघी हिरमुसल्या होत्या. मस्टर वेगळे ठेवल्याचा उपयोग इथे दिसला. पानाच्या खालच्या बाजूस चार मोठी बटणे काढली. बटणावर बोट टेकले की 'पॉइंटर-डाउन' वर्दी येते. तेव्हा मस्टरवर 'ॲरो-राइट' असे नाव चढवायचे, जणू कीबोर्डावरची कळच दाबली. बोट उचलले की 'पॉइंटर-अप', तेव्हा खोडायचे. उचलण्यासाठी पाचवे बटण, ते मस्टराला हात न लावता चिठ्ठी ठेवते. चालवणाऱ्या भागातील एक ओळही बदलावी लागली नाही. बटणांना शैलीत 'टच-ॲक्शन' शून्य करावे, म्हणजे 'नन' लिहावे. नाहीतर बोट जरा घसरले की ब्राउझर पान सरकवू लागतो आणि आपली वर्दी मध्येच रद्द करतो. अशी रद्द झालेली वर्दी 'पॉइंटर-कॅन्सल' या नावाने येते. ती आली तरी नाव खोडायचेच, बोट उचलल्यावर खोडतो तसे. हे एका मुलीला तिच्या आईच्या फोनवर कळले, आणि तिने ते पुढच्या रविवारी फळ्याशेजारच्या तक्त्यात आपल्या हाताने लिहिले.